गुळाचा केक ‘शुगर फ्री’ नसतो : माझी चुकीची पाटी आणि त्यानंतरचं बेकिंग

ज्यांना हा भाग ऐकायला निवांत वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना मध्ये मध्ये आलेले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युली’ आणि मागून वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता : कमी साखरेचं बेकिंग, आणि गोड खायची जी हुक्की येते तिचं करायचं काय. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

मी वाशीममध्ये घरूनच केक करून देते, हे तुम्हाला माहीत आहे. सुरुवातीला माझ्या यादीत एक केक होता, कणीक आणि गुळाचा. त्याच्या डब्यावर मी छान हिरव्या अक्षरांत लिहायचे, ‘शुगर फ्री’. माझ्या डोक्यात हिशोब साधा होता. साखर घातली नाही ना? मग शुगर फ्री. यात फसवायचा हेतू नव्हता, पण अज्ञान होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दोन शब्दांनी केक पटापट विकलाही जायचा.

तर झालं असं की आमच्या शेजारच्या काकांच्या घरी हा केक गेला. काकांना मधुमेह होऊन दहाएक वर्षं झाली. गोळ्या चालू, पथ्य कडक. चार वर्षांत त्यांनी पेढ्याला हात लावला नव्हता. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी त्या केकचे तीन तुकडे खाल्ले. तीन! दोन तासांनी तोंडाला कोरड पडली, डोकं जड झालं, म्हणून घरातल्या मशीनवर साखर तपासली, तर ३१२. जेवणानंतर दोन तासांनी ती १८० च्या आत राहावी असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. रात्री साडेदहाला त्यांच्या मुलाचा मला फोन आला : “ताई, त्या केकमध्ये नेमकं काय काय असतं?”

दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून त्यांच्याकडे गेले. काका रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “तू त्याच्यावर शुगर फ्री लिवलं होतं न पोरी, म्हणून खाल्ला. मले वाटलं, एखांदी गोष्ट तरी आपल्यासाठी निघाली.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

घरी येऊन मी वही घेतली आणि पहिल्यांदा नीट हिशोब मांडला. त्या केकमध्ये २५० ग्रॅम कणीक आणि २०० ग्रॅम गूळ. तुकडे दहा. म्हणजे एका तुकड्यात २० ग्रॅम गूळ. आता गूळ म्हणजे काय? उसाचाच रस, आटवलेला. त्यात बहुतांश सुक्रोज, म्हणजे आपली साखरच, शिवाय थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडं पाणी, आणि रंग-चव देणारे थोडे क्षार. त्यात लोह असतं हे खरं, पण एका तुकड्यातल्या २० ग्रॅम गुळातून मिळणाऱ्या लोहासाठी मधुमेही माणसाने एवढी साखर पोटात घालणं म्हणजे सुपारीसाठी अख्खं झाड तोडणं. रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. आणि कणकेतला स्टार्च? तोही पचून ग्लुकोजच होतो. काकांनी खाल्लेल्या तीन तुकड्यांत गूळ आणि कणीक मिळून कार्बोहायड्रेट्स शंभर ग्रॅमच्या वर जात होती. वर रात्रीच्या जेवणातल्या पोळ्या वेगळ्या. ३१२ आलं यात नवल नव्हतंच.

मग मी नियम शोधले. एफएसएसएआयचे दावे आणि जाहिरातींबद्दलचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत ‘शुगर फ्री’ कशाला म्हणायचं ते स्पष्ट दिलंय : १०० ग्रॅम पदार्थात जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर. ‘लो शुगर’ म्हणायचं तर घन पदार्थात १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपर्यंत. साखर म्हणजे इथे सगळी साखर, गुळातली, मधातली, खजुरातलीसुद्धा. माझा केक त्या अर्ध्या ग्रॅमपासून कितीतरी मैल लांब होता.

पाटी त्याच दिवशी पुसली. पण काकांचं ते ‘आपल्यासाठी’ राहिलंच होतं. म्हणून प्रयोग सुरू केले.

पहिला प्रयोग अगदी बाळबोध. साखर-गूळ पूर्ण काढून टाकला, बाकी सगळं तेच. जे बाहेर आलं ती वीट होती. पांढरट, घट्ट, दुसऱ्या दिवशी तर चाकू रुतेना. तेव्हा कळलं की केकमध्ये साखर फक्त गोडीसाठी नसते, ती चार कामं करते. लोणी आणि साखर फेटतो तेव्हा साखरेचे कण लोण्यात हवेची बारीक बारीक भोकं पाडतात, केक फुगण्याची सुरुवात तिथून होते. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून केक मऊ राहतो. ती पिठातल्या ग्लुटेनला आणि स्टार्चला सगळं पाणी पिऊ देत नाही, त्यामुळे मिश्रण उशिरा घट्ट होतं आणि तोवर त्याला फुगायला वेळ मिळतो. आणि वरचा तो बदामी रंग, खरपूस वास, तोही बराचसा साखरेमुळे. शिवाय साखर टिकवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, त्यात कमी साखरेचा केक ओट्यावर ठेवला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला वास येतो. हे मी एका ऑर्डरमध्ये शिकले, तपशील नको.

दुसरा प्रयोग कृत्रिम गोडीचा. सुक्रालोजची पावडर आणली. गोडी आली, पण वरची चार कामं करायला कोणीच नव्हतं. केक बसका, फिकट, आणि जिभेवर मागून एक विचित्र चव रेंगाळत राहिली. ॲस्पार्टेम तर उष्णतेत टिकतच नाही, त्याची गोडी भट्टीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर भिस्त ठेवू नका. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, हेही लक्षात ठेवा. ज्यांना डॉक्टरांनी चालेल म्हटलंय त्यांनी चहात वापरावं. मी माझ्या केकमधून ते काढलं, कारण मला गोडीची सवयच खाली आणायची होती. साखर काढून तेवढीच गोडी दुसऱ्या दाराने आत घ्यायची, तर जीभ होती तिथेच राहते.

तिसरा प्रयोग खजुराचा. इंटरनेटवर सगळीकडे ‘हेल्दी डेट केक’. पाव किलो खजूर भिजवून वाटला, केक अप्रतिम झाला. मग वजनाचा हिशोब केला, तर खजुरात निम्म्याहून जास्त साखरच! तंतू मिळतात, चव मिळते, मान्य. पण पाव किलो खजूर म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे मी फिरून फिरून भोपळे चौकातच आले.

आता थोडं वळण घेते, कारण उत्तर मला ओव्हनपाशी सापडलं नाही, शेतात सापडलं.

माझं माहेर रिसोड तालुक्यातलं. तिकडे दरवर्षी शेतात रोडग्यांचा कार्यक्रम असतो. विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते : जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात तेलाचं मोहन, ओवा, मीठ घालून घट्ट भिजवायचं, थरावर थर देत गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचा. वरून कडक, आतून मऊ, पापुद्रे सुटलेले. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हे बेकिंगच आहे हो! बिनयीस्टचं, बिनओव्हनचं, आणि बिनसाखरेचं. आम्ही वऱ्हाडी माणसं उगाच म्हणतो की बेकिंग शहरातून आलं.

तर त्या दिवशी जेवणं झाल्यावर आजीने उरलेला एक रोडगा कुस्करला, तूप सोडलं आणि प्रत्येकाच्या ताटात वरून गुळाचा खडा फोडून घातला. मला जास्त, भावाला जास्त, आणि स्वतःला चिमूटभर. “मले पुरे एवढा,” म्हणाली. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथे गोड पदार्थाच्या आत लपलेलं नाही, ते ताटात वरून येतं. खाणाऱ्याला ते दिसतं. किती घ्यायचं ते त्याच्या हातात असतं. केकमध्ये साखर पीठात विरघळून जाते, म्हणून तीन तुकड्यांत आपण किती खाल्ली हे काकांना काय, मलासुद्धा कळलं नव्हतं.

याला विज्ञानाचाही आधार आहे. साखर सगळीकडे सारखी मिसळण्यापेक्षा एका जागी असली, तर जिभेला ती जास्त गोड लागते. म्हणून आता मी आतली साखर कमी करते आणि त्यातली थोडी वर भुरभुरते. भाजताना ती कुरकुरीत होते, रंगही देते आणि पहिल्या घासालाच जिभेला भेटते. केक कोमट असताना द्या, गारपेक्षा कोमट पदार्थ जास्त गोड लागतो. वेलची, जायफळ, दालचिनी सढळ हाताने घाला, कारण या वासांची आपल्या मेंदूने लहानपणापासून गोडाशी गाठ मारलेली आहे. आणि मीठ, चिमूटभर पण नक्की.

आता माझ्या सध्याच्या केकचं प्रमाण सांगते, लिहून घ्या.

ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, कणीक ८० ग्रॅम, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ २० ग्रॅम. साखर एकूण ७० ग्रॅम, त्यातली ५५ आत आणि १५ वर. सालं काढून २०० ग्रॅम भरतील एवढी चांगली पिकलेली, ठिपके पडलेली केळी. दही १५० ग्रॅम, तेल ७० मिली, दूध लागेल तसं, साधारण पाव वाटी. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ, वेलची-जायफळ. वर तीळ.

ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून नुसत्या ज्वारीचा केक भसाभस सुटतो. कणीक तेवढ्यासाठी. ज्वारीचं पीठ दह्यात आधी वीस मिनिटं भिजत ठेवलं नाही तर दाताखाली रवाळ लागतं, ही पायरी गाळू नका. दह्याची आंबटाई सोड्याला फुलवते आणि केळी ओलावा धरतात, म्हणजे साखरेची दोन कामं या दोघांनी वाटून घेतली. सोयाबीन तर आपल्या जिल्ह्याचं पीक. सगळं पोत्यांनी बाजार समितीत जातं आणि आपल्या डब्यात मूठभरसुद्धा राहत नाही. त्याने प्रथिनं वाढतात आणि रंगही छान येतो. पण कच्चं सोयाबीन दळून कधीच वापरू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेने जातात. चांगलं खमंग भाजा, मग दळा. आणि २० ग्रॅमचे ५० केलेत तर अख्ख्या केकला कच्च्या शेंगेचा वास येईल. आमच्या घरी तो केक शेवटी गाईने खाल्ला.

ओव्हन असेल तर १७० अंशावर ४० ते ४५ मिनिटं. माझ्याकडे ओव्हन आहे, पण लाइटचा भरवसा नाही, म्हणून कुकरमध्येही करते. तळाला मिठाचा जाड थर, त्यावर स्टँड, झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवलेल्या, आत पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं तापवायचा, मग मंद आचेवर पाऊण तास. थंड झाल्यावर दहा तुकडे करून, त्या दिवशी लागतील तेवढे बाहेर ठेवून बाकीचे लगेच फ्रीजरमध्ये. यात दोन फायदे : खराब होत नाही, आणि समोर दिसत नाही.

आता पुन्हा हिशोब, कारण माझी जुनी चूक मला परत करायची नाही. केळी आणि दूध-दह्यातली साखर धरून या केकच्या एका तुकड्यात साधारण १० ग्रॅम साखर येते, आणि पिठातला स्टार्च धरला तर एकूण कार्बोहायड्रेट्स २४ ग्रॅमच्या आसपास. जुन्या केकमध्ये हाच आकडा ३५ च्या घरात होता. फरक आहे, पण जादू नाही. १०० ग्रॅममागे बघितलं तर हा केक कायद्याने ‘लो शुगर’सुद्धा नाही! म्हणून डब्यावर मी आता कुठलंच विशेषण लिहीत नाही. लिहिते ते एवढंच : ‘एका तुकड्यात साधारण १० ग्रॅम साखर, एकूण कार्बोहायड्रेट्स २४ ग्रॅम’. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. आकडा बघितला की भूक मरते म्हणे.

१० ग्रॅम म्हणजे किती, हे कळण्यासाठी एक मोजमाप. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला आहे की वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस हे सगळं मिळून रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्क्यांच्या आत आलात तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आता आपला चहा बघा. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम धरा. झाले ४० ग्रॅम, आणि अजून केकचं नावही काढलं नाही. सोबतचे टोस्ट, खारी, बिस्किटं मी मोजलेलीच नाहीत. म्हणून मला कोणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी म्हणते, केक राहू द्या, आधी चहा.

आणि चहा सोडायला सांगत नाहीये, घाबरू नका. दोन चमच्यांचा दीड, पंधरा दिवसांनी एक, मग अर्धा. जीभ हळूहळू जुळवून घेते. अमेरिकेतल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांनी तीन महिने साखर बरीच कमी केली. शेवटी त्यांना तोच पदार्थ आधीपेक्षा जास्त गोड लागायला लागला. पण गंमत पुढे आहे : त्यांची गोडाची आवड काही कमी झाली नाही, आणि पुन्हा मनासारखं खायला मोकळीक दिल्यावर जीभ मूळ पदावर आली. म्हणजे ‘एकवीस दिवसांत गोडाची इच्छाच मरते’ असं जे रील्सवाले सांगतात, ते विसरा. इच्छा राहते. तिला थोडक्यात भागवता येतं, एवढंच.

ही हुक्की कधी येते ते बघायला काकांनी आणि मी मिळून आठवडाभर नोंद ठेवली. काका रोज रात्री नऊला आणि दुपारी साडेचारला. रात्रीची होती निव्वळ सवय, वर्षानुवर्षं जेवणानंतर गूळ-शेंगदाणे खायची. दुपारची मात्र खरी भूक होती. सकाळी नुसता चहा-टोस्ट, बाराला दोन पोळ्या आणि पातळ भाजी, मग चारपर्यंत पोट रिकामं. काकूंनी सकाळी मुगाचं धिरडं किंवा मोड आलेली मटकी द्यायला सुरुवात केली आणि साडेचारची हाक बरीच मंदावली. रात्रीसाठी बडीशेप, कधी गरम दूध वेलची घालून, बिनसाखरेचं. पहिला आठवडा काकांनी फार शिव्या घातल्या. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी गोड जास्त मागतो, हेही त्या वहीत दिसलं. लग्नसराईतल्या जागरणांनंतरचे दिवस तर बघवत नव्हते.

लग्नावरून आठवलं. आपल्याकडे हुक्की पोटातून येते त्याहून जास्त ताटाबाहेरून येते. “घ्या न जी, एकानं काय होते?” असं म्हणत जिलबी ताटात पडतेच. नाही म्हटलं तर मान राखला नाही. काकांनी यावर काढलेला उपाय मला आवडला. ते आधीच सांगतात, “अर्धी द्या, पण पहिल्या घाण्यातली.” वाढणाऱ्यालाही समाधान, आणि काकांनाही गरम जिलबी.

एक गोष्ट मात्र हसत हसत सोडून देण्यासारखी नाही. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत, त्यांची साखर कधी एकदम खालीही जाते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं. मशीनवर ७० च्या खाली आकडा आला, तर त्या क्षणी पथ्य बाजूला ठेवायचं. ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, तडक दवाखान्यात. अशा वेळी ज्वारीचा केक कामाचा नाही, त्यातल्या तेलामुळे आणि तंतूंमुळे साखर सावकाश चढते. म्हणून ‘आम्ही घरात साखर ठेवतच नाही’ हे मधुमेह्याच्या घरात अभिमानाने सांगायचं वाक्य नव्हे. एक छोटी डबी ठेवा. आणि कुठलाही नवा पदार्थ रोजच्या खाण्यात घेताना, गोळीचं प्रमाण बदलताना, आपल्या डॉक्टरांशी बोला. मी केक करते, उपचार करत नाही.

आता काकांचं काय झालं ते सांगून थांबते. मागच्या महिन्यात त्यांच्या नातीचा वाढदिवस होता. केक माझाच, हाच ज्वारीचा. काकांनी त्या रात्री एक पोळी कमी खाल्ली, डबा उलटा करून आकडा वाचला, एक तुकडा घेतला आणि दोन तासांनी सुई टोचून घेतली. १६४. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात रांगोळी घालत होते, तर कुंपणाच्या पलीकडून आवाज आला : “पोरी, आकडा बराबर आहे तुहा. पण जायफळ कमी पडलं. पुढच्या खेपेला दोन बोटं जास्ती घाल.”

घातलं आहे. भेटू पुढच्या भागात.